खाऱ्या पाण्याची ओळख

माझ्या माहेरी पाहुण्यांसाठी टाकलेला चहा फुटायचा.

संग्रामपूर तालुक्यातलं, पूर्णेच्या काठापासून दोन कोसांवरचं गाव. जमीन इतकी काळीभोर की पावसाळ्यात चपला रुतून बसायच्या आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जायचा. विहिरींना पाणी भरपूर, पण खारं. त्या पाण्याच्या चहात दूध घातलं की पातेल्यात पांढरे कण तरंगायचे. तुरीची डाळ कितीही शिजवली तरी दाताखाली कणी यायची. साबणाला फेस नाही. डोक्यावरून न्हाणं झालं की वाळलेले केस हाताला सुंभासारखे लागत. आमच्याकडे पाण्याची दोनच नावं होती. वापरायचं ते खारं आणि प्यायचं ते गोड. गोड पाणी शेजारच्या गावाहून बैलगाडीवर ड्रममधून यायचं. त्याच्या माठाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असे, त्यावर पालथी वाटी आणि त्या वाटीवर आईची नजर. खेळून आल्यावर कुणी चुकून त्या पाण्यानं पाय धुतले तर पाठीत धपाटा ठरलेला.

हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्याबरोबर तो अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आमच्या जिल्ह्यातले शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके त्यात येतात. नदीनं आणून टाकलेला गाळ इथे खूप खोलवर साचला आहे आणि त्यातल्या पाण्यात क्षार उतरले आहेत. विहीर भरलेली असताना बांधापलीकडचं शेत पावसाची वाट बघतं, कारण ते पाणी पिकाला दिलं तर जमीनच खराब होते. कापूस, तूर, हरभरा, ज्वारी, सगळं आभाळाच्या भरवशावर. पुढे वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली, गोड पाणी नळाला आलं. पण तोवर पिढ्यानपिढ्या त्या विहिरींवर वाढल्या होत्या. किडनीच्या आजारानं गेलेली माणसं आमच्या भागात गावोगाव आहेत आणि लोक बोट दाखवतात ते पाण्याकडे. माझे थोरले काका आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला जायचे. संध्याकाळी एस्टीतून उतरत तेव्हा दंडावर चिकटपट्टी असे आणि हातात रिकामी बाटली. दिवसाला किती पाणी प्यायचं ते त्यांना डॉक्टरांनी मोजून दिलं होतं, म्हणून घरून निघताना ते बाटली रेघ मारून भरून नेत. "आंधी पाण्यानं मारलं, आता पाणी मोजून पेतो," असं ते एकदा ओट्यावर बसून म्हणाले. पुढे ते पाण्याबद्दल काही बोललेले मला आठवत नाहीत.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी, लग्नानंतर, गणपतीपुळ्याला. देवळासमोरच्या वाळूत उभी होते. लाट पायांवरून गेली, साडीचा काठ भिजला. मी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारं. आमच्या विहिरीपेक्षा कितीतरी खारं. पण इथे त्या पाण्याला कुणी शिव्या देत नव्हतं. म्हाताऱ्या बायका लुगडं गुडघ्यापर्यंत धरून लाटेत उभ्या होत्या, पोरं लोळत होती, एक बाप लेकीला खांद्यावर घेऊन पाण्यात शिरत होता. खाऱ्या पाण्याशी इतक्या आनंदानं वागणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. मला तिथे रडू आलं आणि नवऱ्याला त्याचं कारण मी बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

गेल्या जूनमध्ये आम्हाला मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना एका रात्री तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात आलं, हिची खाऱ्या पाण्याशी पहिली ओळख विहिरीवर व्हायला नको. समुद्रावर व्हावी. आमच्या सहलीचा आराखडा त्या रात्री सुरू झाला.

समुद्रच दाखवायचा तर कोकण काय वाईट आहे, असं प्रत्येकानं विचारलं. वाईट मुळीच नाही. पण नवरा खामगावात भूगोल शिकवतो आणि त्याच्या मनात मॉरिशस कॉलेजपासून बसलेलं आहे. त्याचं कारण दगडात आहे. आमच्या घराचा पाया, शेताचा बांध, गावातली जुनी बारव, सगळं ज्या काळ्या दगडाचं, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झाला. भूशास्त्रज्ञ मानतात की पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्रोतावरून तेव्हा आपला भूभाग सरकत होता. भूभाग उत्तरेला निघून गेला आणि तो स्रोत मागे समुद्राखाली राहून बेटं घडवत गेला. मॉरिशस त्यातूनच ८०-९० लाख वर्षांपूर्वी वर आलं. शेजारच्या रियुनियन बेटावर तो ज्वालामुखी आजही जागा आहे. म्हणजे खामगावच्या घराचा पाया आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावरचा काळा खडक एकाच चुलीवरचे. नवऱ्यानं हे मला लग्नाआधी, पहिल्या भेटीत सांगितलं होतं. आता तो ते लेकीला सांगतो आणि ती त्याच्या बोटातली अंगठी चोखत ऐकते.

बाकीची कारणं बाळाच्या सोयीची होती आणि तीही खरी. मुंबईहून विमानानं साडेसहा तासांच्या आसपास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, म्हणजे लेकराच्या झोपेचं गणित मोडत नाही. भारतीय पासपोर्टवर फिरायला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे. मोठ्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आत किनाऱ्यालगत उथळ, शांत पाणी उरतं. जायचं ठरलं मेमध्ये. तेव्हा खामगावात पारा ४४ च्या पुढे जातो, पण विषुववृत्ताच्या पलीकडे थंडीची चाहूल लागलेली असते आणि चक्रीवादळांचे महिनेही सरलेले असतात. पूर्वेच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत वारा फार, म्हणून आम्ही पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक हा किनारा निवडला. वाळूला लागून सुरूची झाडं आहेत. त्यांच्या सावलीत सतरंजी टाकून बसायचं, एवढंच मला डोळ्यांपुढे दिसतं.

सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवशीच विचारलं, "लेकराले कायचं समजते वं? तिच्या ध्यानात तरी राहीन का?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. राहणार नाही, हे खरं आहे. अकराव्या महिन्यात पाहिलेलं कुणाच्या लक्षात राहतं? पण मग मी विचार करत गेले. बाळाला आपण तेल लावून ऊन दाखवतो, कानात फुंकर मारतो, मळणीच्या वेळी खळ्यावर नेऊन दाण्यात बसवतो. हे सगळं काय त्याच्या आठवणीसाठी करतो? गोड पाण्याचा माठ कधी घरात आला ते मला आठवत नाही. पण आजही कुठे नळ उघडा वाहताना दिसला की माझा हात आपोआप तो बंद करायला जातो. आठवण नसताना अंगात राहिलेलं असं काहीतरी असतं. माझ्या अंगात धाक राहिला. लेकीच्या अंगात दुसरं काही राहावं, अशी माझी इच्छा आहे. सासूबाईंना हे सगळं मी सांगितलं नाही. इतकंच म्हणाले, "आई, तिच्या नाही राहिलं तरी आपण तिला सांगू."

त्यांनी एक अट घातली. जावळ निघाल्याशिवाय समुद्र ओलांडायचा नाही. आमच्याकडे लेकराचा पहिला प्रवास शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला आणि दुसरा जावळासाठी कुळदैवताला. अट मान्यच होती. पण पासपोर्टसाठी फोटो आधी काढावा लागला आणि त्या फोटोत लेकीला भरगच्च जावळ आहे. मेमध्ये अधिकारी समोर पाहतील ते टक्कल केलेलं, दोन दात आलेलं, गाल उतरलेलं निराळंच मूल. लहानांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी मिळतो आणि एवढ्या काळात त्यांचा चेहरा किती वेळा बदलतो!

तो फोटो काढण्यात एक अख्खी दुपार गेली. मोठ्यांचा फोटो पासपोर्ट केंद्रात काढतात, पण चार वर्षांखालच्या लेकरांचा फोटो घरून न्यावा लागतो. साडेचार सेंटिमीटर बाय साडेतीन, मागे पांढरं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं आणि दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. तेव्हा ती आठ महिन्यांचीही नव्हती. बसवली की कलंडायची. शेवटी फोटोग्राफरनं जमिनीवर पांढरी चादर अंथरली, तिला उताणी निजवलं आणि स्वतः स्टुलावर उभा राहिला. ती बघायची छताच्या पंख्याकडे. मी खुळखुळा हलवला तर तोंड उघडून हसायची. सासूबाईंनी पिशवीतून वाटी आणि चमचा काढला आणि फोटोग्राफरच्या पायाशी उकिडव्या बसून हळूच टण् केलं. ती एकदम गप्प झाली, ओठ मिटले आणि आवाज कुठून आला म्हणून मोठे डोळे करून सरळ वर पाहू लागली. तोच फोटो लागला. पासपोर्टवरच्या माझ्या लेकीच्या डोळ्यांत आजीच्या चमच्याचा आवाज आहे.

कागदपत्रांत एक अडचण आली. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. आणि दाखल्यावर माझ्या नावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. दुरुस्तीसाठी दाखल्याच्या कचेरीत पाच खेपा घालाव्या लागल्या. प्रत्येक वेळी लेकीला कडेवर घेऊन, कधी साहेब नाहीत, कधी शिक्का नाही. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. कारण रांगेत माझ्या पुढेमागे ज्या बाया होत्या त्यांना मॉरिशसला जायचं नव्हतं, त्यांना अंगणवाडीत आणि दवाखान्यात दाखवायला तोच कागद हवा होता आणि एका खेपेसाठी त्यांची दिवसाची मजुरी बुडत होती. ज्यांना परदेशाचा विचार करायचा आहे त्यांनी दाखला हातात पडल्याबरोबर आई, बाप आणि बाळ यांच्या नावांचं एकेक अक्षर आपापल्या कागदांशी ताडून पाहावं.

अर्जावर सहीच्या जागी तिचा अंगठा घ्यायचा होता. लेकरं मूठ किती घट्ट मिटतात ते तेव्हा कळलं. एकेक बोट सोडवून अंगठा मोकळा केला, शाई लावली, कागदावर टेकवला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठसा उमटला, त्यात तीन-चार रेषा. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "माह्या मायनं वावराच्या कागदावर असाच अंगठा देल्ता." त्यांच्या आईनं जमीन विकताना दिलेला तो अंगठा होता, एवढं मला ठाऊक आहे. मी लेकीचं बोट ओल्या फडक्यानं पुसलं, तरी दोन दिवस निळी कड राहिली.

सगळ्यात अवघड झालं ते झोळीचं. आमची लेक झोळीत निजते. सासूबाईंचं जुनं नऊवारी, मऊ झालेलं, तुळईच्या कडीला बांधलेलं. दोरीचा झोका दिला की पाच मिनिटांत डोळे मिटतात. सपाट गादीवर ठेवली की रडते. आता हॉटेलात कडी कुठून आणायची? विमानात पुढच्या भिंतीला लावायचा छोटा पाळणा काही कंपन्या देतात, पण तो आधी मागून ठेवावा लागतो, वजनाची मर्यादा असते आणि हवा खराब झाली की बाळाला उचलून पुन्हा मांडीवर घ्यावं लागतं. शिवाय तो हलत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाचं भाडं मोठ्याच्या साधारण दहा टक्केच पडतं, कारण त्याला स्वतंत्र जागा नसते. साडेसहा तास मांडीच. म्हणून गेल्या महिन्यापासून आम्ही तिला गादीवर निजायची सवय लावतो आहोत. रोज एक झोप झोळीत, एक गादीवर. गादीवर तेच लुगडं चौघडी करून घालते. त्याचा वास आला की तिचं रडणं जरा कमी होतं. सासूबाईंनी ते लुगडं धुऊ नको म्हणून बजावलं आहे. धुतलं की वास जातो. ते तसंच मॉरिशसला जाणार आहे.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट लिहून दिलं. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस, तीही निघायच्या आधी पुरेसे दिवस ठेवून. विमान उतरायला लागलं की कान दुखतात, तेव्हा तिला अंगावर पाजायचं. गिळताना कान मोकळे होतात. म्हणून उतरायच्या आधी तासभर पाजायचं नाही, भूक राखून ठेवायची. बाळाचं दूध आणि उकळलेलं पाणी विमानतळावरच्या तपासणीत शंभर मिलिलिटरच्या नियमात अडकत नाही, फक्त वेगळं काढून दाखवायचं. किनाऱ्यावर सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाचं मलम लावत नाहीत. आमची आता मोठी झाली आहे, तिला चालेल, पण सावली आणि लांब बाह्यांचं झबलं हीच पहिली काळजी. पाण्यात पहिल्या दिवशी पाच मिनिटं, ओठ निळसर वाटले की लगेच बाहेर. डासांसाठी मच्छरदाणी, कारण डेंग्यू-चिकुनगुन्या त्या बेटानंही पाहिले आहेत. तापाचं औषध वयावर नाही, वजनावर, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वजन करून मात्रा लिहून घ्यायची. शेवटी त्या म्हणाल्या, निघायच्या आठवड्यात कुठलाही नवीन पदार्थ सुरू करू नका. ही गोष्ट मला कधी सुचली नसती.

खाण्याचं सासूबाईंनी हाती घेतलं. मूग आणि तांदूळ भाजून दळलेलं पीठ, ज्वारीच्या पिठाची पेज. बाळगुटीच्या मुळ्या, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, सगळं त्या एका डबीत भरायला निघाल्या होत्या. मुळ्या, बिया, ताजी फळं परवानगीशिवाय तिथे नेता येत नाहीत, हे सांगताना मला वाईट वाटलं. डबी त्यांनी पुन्हा फडताळात ठेवली. "मंग तिथं भेटते का काही? डाळ-गिळ?" भेटते. तिथल्या रस्त्यावर धोलपुरी विकतात, आत पिवळी डाळ भरलेली मऊ पोळी. ऊसमजूर म्हणून गेलेल्या आपल्याच लोकांनी नेलेली ती चव आहे. मी त्यांना मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हे त आपली पुरणपोळीच हाये. गूळ राह्यला घालाचा."

त्यांना सगळ्यात पटली ती गंगा तलावाची गोष्ट. ग्राँ बासँ हे मॉरिशसच्या डोंगरावरचं विवरातलं तळं. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून माणसं पायी चालत तिथे जातात. सासूबाई शेगावच्या पालखीबरोबर एकदा पंढरपूरला चालत गेल्या आहेत. परक्या देशात माणसं देवाला पायी जातात हे ऐकून त्यांचा विरोध निम्मा सरला. आम्ही त्यांनाही चला म्हणालो, मनापासून म्हणालो. गुडघे आणि मे महिन्यातल्या कुरडया-पापड अशी दोन कारणं त्यांनी सांगितली आणि ती बदलली नाहीत.

बघायच्या जागांची यादी नवऱ्यानं दोन पानी केली होती. ती आम्ही चार नावांवर आणली. लेक सकाळी दहाला एकदा निजते आणि दुपारी दोनला एकदा. या दोन झोपांच्या मधे बसेल तेवढंच जग बघायचं असं ठरलं. गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती, पाम्प्लेमूसच्या बागेतली परातीएवढाल्या पानांची कमळं. आणि पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. तो मी यादीतून काढू देत नाही. १८३४ पासून १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर या बेटावर उतरले. त्यात मराठी माणसंही होती, बरीचशी कोकणातली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही गणपती बसवतात आणि त्या दिवशी तिथे सरकारी सुट्टी असते. घाटावर दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. जहाजातून तिथे उतरलेले मजूर त्या चढून गेले. २००६ मध्ये युनेस्कोनं त्या जागेला जागतिक वारशात घेतलं. त्या पायऱ्या चढणाऱ्यांत लेकुरवाळ्या बायाही होत्या. हवा खराब झाली की बाळाला कुठे धरावं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गोड पाणी तर जहाजावरही मोजूनच मिळालं असणार. मी माझ्या पिशवीत मोजून ठेवलेल्या लंगोटांकडे आणि पाण्याच्या बाटल्यांकडे बघते तेव्हा त्या बाया मला आठवतात. त्या पायऱ्यांशी लेकीला कडेवर घेऊन थोडा वेळ उभं राहायचं आहे.

मुंबईला जायचं ते रेल्वेनं. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो, गाडी करून गेलो तर वेळ वाचेल, असं घरातले म्हणाले. पण १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ त्या रस्त्यावर बस पेटून २५ माणसं गेली. ती सकाळ आमच्या जिल्ह्यात कुणाच्या मनातून गेलेली नाही. लेकराला घेऊन रात्रीचा रस्ता नको. शेगावला रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. तिथे एक दिवस थांबायचं, मग विमान.

या सगळ्याची एक तालीम करावी म्हणून गेल्या रविवारी आम्ही लोणारला जाऊन आलो. मॉरिशसच्या पिशवीत जे जाणार ते सगळं भरून घेतलं: लुगडं, पीठ, टोपी, झबली, मच्छरदाणीसुद्धा. खामगावहून मेहकरमार्गे दोन तास. वाटेत ती एकदा रडली, एकदा ओकली, आणि बदलायचे कपडे मी डिकीत सगळ्यात खाली ठेवले होते. म्हणजे मेमध्ये ते हाताशी हवेत.

लोणारला मी शाळेच्या सहलीत गेले होते, पण लेकीला घेऊन काठावर उभं राहिल्यावर ते निराळंच दिसलं. पावणेदोन किलोमीटर रुंदीची ती गोल दरी, खाली हिरवट पाणी, कडेनं झाडी. मॉरिशसमधली विवरं ज्वालामुखीची, हे मात्र आभाळातून पडलेल्या उल्केनं केलेलं. पण ज्यात ते झालं तो दगड तोच, आमच्या पायाचा. तळ्याचं पाणी खारं आणि क्षारांनी जळजळीत, मासा त्यात जगत नाही. तरी शेकडो वर्षं माणसं या पाण्याशी नातं ठेवून आहेत. लवणासुराची गोष्ट, दैत्यसूदनाचं देऊळ, पाण्याकाठची कमळजादेवी. इथल्या क्षारांपासून काच आणि साबण करता येतो, याची नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे. ज्या पाण्यानं माझ्या आईच्या साबणाला कधी फेस येऊ दिला नाही त्याच जातीच्या पाण्यातून कुणीतरी साबण करत होतं! जून २०२० मध्ये हे तळं गुलाबी झालं होतं. खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्म जिवांचा तो रंग होता, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं शोधून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

खाली उतरायचा विचार आम्ही केला नाही. सासूबाईंचे गुडघे आणि लेकीची दहाची झोप. खाली कमळजेजवळ सासू-सुनेची विहीर आहे, तिच्यात एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं म्हणतात. ते सासूबाईंनी काठावरूनच मला सांगितलं आणि कुठली बाजू सासूची ते सांगितलं नाही.

मग आम्ही वरच्या धारेवर गेलो. खाली तळं एवढं खारं आणि वर खडकातून बारमाही गोड पाणी येतं, लोक त्याला गंगा म्हणतात. बायका अंघोळी करत होत्या. सासूबाई पायऱ्या धरून धरून उतरल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि नातीच्या पायांवर सोडलं. ती दचकली. पाय आखडून घेतले, माझ्या पदराला घट्ट धरलं, ओठ बाहेर काढले, आता रडणार असं वाटलं. मग खाली वाकून धारेकडे बघत राहिली. काही वेळानं स्वतःच एक पाय लांब केला. पाण्याला टेकवला, मागे घेतला, पुन्हा टेकवला. मग हात भिजवून तो तोंडात घातला आणि चव बघत बसली. आजी तिच्याशी बोलत होती, "गोड हाये ना माय? गोड हाये."

परत येताना लेक लुगड्यावर शांत निजली होती. मेहकर मागे पडल्यावर सासूबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तिथून येतानी एक काम करजो."

"काय, आई?"

"बाटलीत समुद्राचं पाणी आणजो. मी नाही पाह्यला त्याले. चाखून पाह्यतो कसं लागते त."

घरी आल्यावर मी यादी काढली आणि सगळ्यात शेवटी लिहिलं: एक रिकामी बाटली.